आईचं गाणं अकोल्यात छापलं

बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर अमरावतीतल्या आमच्या वस्तीत लग्नं नव्या रीतीनं लागू लागली आणि बायकांची पंचाईत झाली. हळदीची जुनी गाणी सगळी देवादिकांची. ती आता म्हणायची नव्हती, आणि नवी कुणाला येत नव्हती. माझी आई गावातच एका जिनिंगमध्ये कामाला होती. तिथं कापूस निवडता निवडता तिनं गाणी रचली. लिहिता-वाचता येत नव्हतं; पण एकदा जुळलेली ओळ ती विसरत नसे. हळूहळू आमच्याकडचं एकही लग्न तिच्या गाण्यांशिवाय लागेना.

मी तेव्हा नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते. एकदा दर्यापूरच्या बाजारात गाण्यांची पातळ पुस्तकं विकायला दिसली. एक उघडलं, तर आत आईचं गाणं! रचनाकार म्हणून नाव मात्र अकोल्याच्या एका गायकाचं. मी संतापानं पैसे टाकले आणि पुस्तक उचललं.

घरी येऊन वाचून दाखवलं, तर आईचा चेहरा फुलला.

"छापलं? खरंच?"

"अगं, पण नाव त्यानं स्वतःचं टाकलंय."

मी ओळखीच्या वकिलाला विचारून आले. ते म्हणाले, "कायदा आहे. रचणाऱ्याचा हक्क असतो. पण तुमच्या आईनं आधी रचलं, हे सांगणार कोण?"

"आमची सगळी वस्ती सांगेल."

"मग आणा वस्ती कोर्टात," म्हणून ते हसले.

आईला कोर्ट पटलं नाही. "कोर्टात कायले? त्याच्या घरी जाऊ. मले पाहू दे, तो गाणं म्हणते कसा."

रविवारी आम्ही बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला, पुस्तकावरच्या पत्त्यावर गेलो. गायक घरीच होता, हडकुळा, चाळिशीतला. पुस्तक पुढं केलं तसा तो वरमला.

"मावशी, म्या हे मूर्तिजापूरले लग्नात ऐकलं. बायकांले इचारलं, कोणाचं हाय? त्या म्हणे, आपलंच हाय. मले वाटलं, मंग कोणाचंच नाई."

"आपलंच हाय, खरं हाय," आई म्हणाली. "पण जुळवलं म्या. आता म्हणून दाखव."

तो पेटी घेऊन बसला. गळा गोड होता. तिसऱ्या कडव्याला आईनं हात वर केला.

"हे माझं नाई."

"ते माझं हाय," तो हळूच म्हणाला.

नवरी सासरी जाताना सोबत पाटी-लेखणी घेऊन जाते, असं ते कडवं होतं. आईनं ते पुन्हा म्हणायला लावलं. मी तिला कोपरानं ढोसत होते. भांडायला आलो होतो आम्ही! ती म्हणाली, "बेस जमलं. राहू दे. पण नाव माझंबी टाक, वरतं."

त्यानं शब्द पाळला. पुढच्या छपाईत दोघांची नावं आली, आईचं आधी. रेशनकार्डावरसुद्धा ती कुणाची तरी बायको होती. इथं ती रचनाकार होती. तिनं ते पुस्तक जिनिंगमध्ये नेऊन सगळ्यांना दाखवलं. तेव्हा तिच्या शेजारी बसणारी एक अबोल बाई म्हणाली, "म्याबी पाळणे रचले हायेत. पोरीले सांगून लिहून घेशीन काय?"

पुढं कितीतरी रविवार आमच्या ओसरीवर बायका गात होत्या, आणि मी लिहून घेत होते. प्रत्येकीचं गाणं संपलं, की आई आठवण करून द्यायची, "हिचं नाव टाक."