कोड पुसल्यापासून चोवीस किलोमीटर

आळेफाट्याच्या चौकातून नगरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक टायरवाला आहे, त्याच्या पुढं माझी पीयूसीची व्हॅन आणि व्हॅनला खेटून इस्माईलचाचांचं गॅरेज. नऊ वर्षं मी इथं लोकांच्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर मोजते आहे. माझं नाव तेजस्विनी, पण फाट्यावर मला समोर 'पीयूसीवाली ताई' म्हणतात आणि माघारी 'तोंडाळ' म्हणतात. दोन्ही खरं आहे. चाचांबद्दल सांगायचं तर माझ्या या तोंडाचं पाप मध्येच येणार आहे, म्हणून आधीच कबूल केलेलं बरं.

चाचा मूळचे जुन्नर गावातले. वडील ट्रकांचे डायनामो बांधायचे, चाचाही तेच शिकले आणि फाट्यावर वायरमन म्हणून बसले. पुढं गाड्यांत कॉम्प्युटर आला तेव्हा इथल्या निम्म्या वायरमननी हात टेकले. चाचांनी पन्नाशी उलटल्यावर मुलाकडून, हमदानकडून, गाडीचा बिघाड वाचणारा स्कॅनर शिकून घेतला. शिकवून झालं आणि हमदान कतारला गेला. मुलगी रूही लग्न होऊन मालेगावला. चार वर्षांपूर्वी रहिमाबीचाची गेल्या, तेव्हापासून चाचा गॅरेजच्या मागच्या खोलीतच राहतात. जुन्नरच्या घराला कुलूप आहे.

एकटा माणूस किती एकटा आहे, ते त्याच्या फोनवरून कळतं. कर्ज हवंय का म्हणून कुठल्याशा कंपनीच्या पोरीचा फोन आला की आपण शिवी घालून ठेवून देतो. चाचा तिला गाव विचारतात. आई-वडील कुठं असतात, जेवणाची सोय काय, तिकडं पाऊस आहे का. एकदा पंधरा मिनिटं बोलून वर म्हणाले, "कर्ज नको बेटा, पण उद्या कर फोन." मी हसून हसून लोळले होते. आता आठवलं की हसू येत नाही.

चाचांकडं सगळ्यात जास्त गिऱ्हाईक येतं ते पिकअपचं. मोबाईलवर व्हिडिओ बघून पोरं येतात आणि ऑर्डर सोडतात, "चाचा, कॉम्प्युटर रिसेट मारा, पिकअप वाढतो." चाचा चष्म्यावरून बघतात. "वाढत काय न्हाई राजा. गाडीनं जे वाकडं शिकून ठेवलंय तेवढं विसरती. मग तू सरळ शिकवलं तर सरळ चालंल." रेस दाबल्यावर किती हवा, किती पेट्रोल सोडायचं याचा हिशेब गाडीचा कॉम्प्युटर चालवणाऱ्याच्या पायावरून बसवत जातो. थ्रॉटलमध्ये, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी धरली की तो हिशेब बिघडतो आणि रेस दाबली तरी गाडी क्षणभर विचार करत बसते. अशा वेळी चाचा आधी थ्रॉटल खोलून पुसतात. मग दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची निगेटिव्ह केबल काढतात आणि अर्धा तास ती तशीच ठेवतात. इतर ठिकाणी पाच मिनिटांत जोडतात. चाचांचा अर्धा तास म्हणजे अर्धा तास. केबल जोडली की गाडी चालू करून दहा मिनिटं नुसती उभी ठेवायची, रेसला पाय लावायचा नाही, लगेच हाकली तर सगळंच विसरलेली गाडी उलट जास्त अडखळते. त्यानंतर वीसेक किलोमीटर हळू चालवायची, आणि ती मालकानंच. चाचा शेजारी बसतात. "माझा पाय शिकून काय उपयोग? तुझा शिकू दे," म्हणतात. असा एका गाडीला दीड-दोन तासांचा कारभार. घाईचं गिऱ्हाईक वैतागतं आणि दुसरीकडं जातं.

संपततात्या मात्र वैतागले नाहीत.

तात्या घाटावरच्या आणे गावचे. पठारावर वडिलोपार्जित बरीच जमीन, घर मोठं, वागणं जुन्या वळणाचं. मुलगा ऋषी पुण्यात नोकरीला. नात समृद्धी शाळेत जायला लागली तशी तिला सांभाळायला तात्यांची बायको कुशाबाई पुण्याला गेल्या, त्याला तीन वर्षं झाली. दिवाळीला आणि गावच्या यात्रेला चार दिवस येतात. बाकीचे दिवस तात्या, बैल आणि ऋषीनं नवी घेतल्यावर इथं सोडलेली जुनी पांढरी गाडी. गेल्या फेब्रुवारीत एका सोमवारी बेल्ह्याचा बाजार करून ते फाट्यावर आले आणि म्हणाले, "रेस दाबली तरी गाडी उठंना राव. म्हाताऱ्या बैलावानी बघती नुसती."

गाडी महिनोन्‌महिने उभी होती, थ्रॉटल काळाकुट्ट झाला होता. चाचांनी पुसला, केबल काढली. अर्धा तास काढायचा म्हणून दोघं बाकड्यावर बसले. जेवणाची वेळ झाली होती. तात्यांच्या पिशवीत स्वतः थापलेल्या दोन भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी निघाली, चाचांच्या डब्यात खिचडी. दोन्ही डबे पुरुषी हाताचे. भाकरीला कड नव्हती आणि खिचडीला मीठ नव्हतं, पण अर्धी अर्धी वाटून घेतली. मला दोघांनी आग्रह केला, मी खरं सांगते, पळ काढला. मग दहा मिनिटं गाडी घुरघुरत उभी राहिली आणि नंतर दोघं घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आले. येताना गाडी पिसासारखी पळत होती आणि आत दोघांची तोंडं चालली होती.

तीन आठवड्यांनी तात्या पुन्हा हजर. "परत तसंच करती हो." चाचांनी केबल काढली, डबे उघडले. पुन्हा तीन आठवड्यांनी तेच. नंतर पंधरा दिवसांवर आलं. चाचांनी बॅटरीचं टर्मिनल बदललं, अर्थिंग तपासलं, सेन्सर पुसले. काही सापडेना. पण मी बघत होते, सोमवारी चाचा सकाळीच दाढी करायला लागले. खिचडीत मीठ आलं, एकदा तर मटणाचा रस्सा आला. तात्या कुशाबाईंच्या फोनचं सांगायचे. रोज आठ वाजता येतो. "ती म्हनती जेवला का, मी म्हनतो जेवलो. झालं. तिकडं टीव्ही चालू आसतो." चाचा म्हणायचे, "माझा पोरगा शुक्रवारी करतो. तब्येत विचारतो. मी म्हणतो ठीक." मग दोघं गप्प बसायचे, पण ते गप्प बसणं वेगळं होतं. एकट्या माणसाला तसं गप्प बसायला मिळत नाही.

जुलैमधल्या एका सोमवारी मंचरचा सुदर्शन नावाचा बटाट्याचा व्यापारी त्याची गाडी घेऊन आला होता. आणखी दोघं थांबलेले. तात्यांची गाडी पुन्हा बॉनेट उघडून उभी. सुदर्शन म्हणाला, "काय चाचा, दर वेळी हीच गाडी दिसती. तुमचं औषध लागू पडंना व्हय?"

चाचांच्या मनाला ते लागलं. एकदा हात लावलेली गाडी त्याच तक्रारीनं परत येत नाही, हीच त्यांची फाट्यावरची पत. ते आतून स्कॅनर घेऊन आले. आत्तापर्यंत त्यांनी या गाडीला स्कॅनर लावला नव्हता, कारण बिघाडाचा दिवा कधी पेटलाच नव्हता. मीही पाठीमागं जाऊन उभी राहिले. स्क्रीनवर ओळी सरकत गेल्या. बिघाड एकही नाही. मग एक ओळ आली. बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली ते त्यात दिसतं, आणि बॅटरीची केबल काढली तरी तो आकडा शून्यावर येतो. मागचा रिसेट पंधरा दिवसांपूर्वीचा. आकडा शेकड्यात हवा होता. तिथं होतं, चोवीस.

आणे ते आळेफाटा अंतर तेवढंच.

चाचांना कळलं. मला शपथेवर सांगता येईल, त्यांना एका क्षणात कळलं. त्यांनी स्कॅनर बंद केला, वायर गुंडाळली आणि सुदर्शनला म्हणाले, "सेन्सरचं काम हाय. मिळंना झालाय."

माणसानं झाकलेली मूठ झाकली राहू द्यावी. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, माझं तोंड सुटलं. "अहो तात्या," मी म्हणाले, आणि हसतच म्हणाले, "घरून निघताना तुम्हीच केबल काढून परत लावताय की हो! गाडी सांगतीय इथं!"

सुदर्शन फिस्सकन हसला. थांबलेली ती दोघंही हसली. तात्या बाकड्यावर पिशवी सोडत होते. त्यांनी ती परत बांधली. एवढा उंचापुरा माणूस, कान लाल झाले होते. "वाटंत ढिली झाली आसंल," म्हणाले. चाचा म्हणाले, "होती होती, खड्डे लई हायेत. बसा संपतराव." तात्या बसले नाहीत. बॉनेट त्यांनी स्वतःच खाली घेतलं आणि गाडी चालू करून निघून गेले.

तेव्हाही मला नीट समजलं नव्हतं. मला वाटलं, एका लबाडाची चोरी पकडली. रात्री जेवताना लक्षात आलं. या माणसाला ताक हवं होतं आणि तो भांडं लपवत होता. आमच्याकडं घरंदाज माणूस कामाशिवाय कुणाच्या दारात जात नाही. गेला तर आधी विचारतात, "काय काम काढलं?" आणि सांगायला काम नसलं की तो माणूस रिकामटेकडा ठरतो. सत्तरीच्या माणसानं कुठल्या तोंडानं सांगायचं की घरात बोलायला कुणी नाही, म्हणून आलो? त्यापेक्षा केबल काढणं सोपं.

पुढच्या सोमवारी चाचांनी दाढी केली. तात्या आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारीही केली. बाकड्यावर बसून खिचडी खाल्ली आणि निम्मा डबा झाकून ठेवला. मी जाऊन म्हणाले, "चाचा, माझं चुकलं." ते म्हणाले, "तू खरं तेच बोललीस बेटा." ते रागावले असते तर बरं झालं असतं. फोन करा म्हटलं तर म्हणाले, "काय सांगून करू? त्यांच्या गाडीचं काम झालंय."

म्हणजे तेही त्याच दोरीनं बांधलेले. गिऱ्हाइकाला कामाशिवाय फोन करायचा नाही, गिऱ्हाईक गरजेला येतं, ही त्यांची रीत. पाच सोमवार गेले. चाचांनी दाढी करणं सोडलं. कर्जवाल्या पोरींचे फोनसुद्धा ते उचलेनासे झाले. मला व्हॅनमध्ये बसवेना.

सहाव्या सोमवारी मी व्हॅनबाहेरची पाटी आत घेतली आणि चाचांना म्हटलं, "बसा. आण्याला जाऊ." ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, "आधी बसा." ते बसले. बसण्याआधी आत जाऊन पान्यांची पिशवी तेवढी घेऊन आले.

घाट चढून वर गेलो तर बाजरी कमरेला लागली होती. तात्यांचं घर गावाच्या कडेला. अंगणात गाडी ताडपत्री घालून उभी, मागच्या एका चाकात हवा नव्हती. तात्या ओसरीवर बसले होते. पुढ्यात काही नव्हतं, हातात काही नव्हतं, नुसते बसले होते. आम्हाला बघून उभे राहिले, टोपी नीट केली. मला वाटलं होतं माझ्याकडं बघणारही नाहीत, पण घरी आलेल्याचा मान त्यांनी सोडला नाही.

"या, या पावणं. बसा." पाणी आणलं. मग उभ्या उभ्याच विचारलं, "काय काम काढलं?"

चाचांच्या हातात पान्यांची पिशवी होती. चाक दाखवून बोलता आलं असतं. ताडपत्री उचलून बॅटरी बघतो म्हणता आलं असतं. मी मनात म्हणत होते, म्हणा चाचा, काहीतरी म्हणा. चाचांनी पिशवी ओसरीखाली ठेवली.

"काम काय न्हाई," ते म्हणाले. "असाच आलो."

"गाडीचं काय..."

"गाडी तुमची बरी हाय. गाडीसाठी न्हाई आलो."

 तात्यांनी माझ्याकडं बघितलं, परत चाचांकडं बघितलं. आत जाऊन त्यांनी चहा टाकला. घरात चार पिढ्यांची भांडी फळीवर पालथी होती आणि मोरीत एकच ताट, एकच पेला. चहा फार गोड झाला होता. आम्ही तो प्यायलो. बाजरीचं झालं, बैलांचं झालं, कुशाबाईंचा गुडघा दुखतो तेही झालं. मी तासभर तोंड मिटून बसले. तो माझ्या आयुष्यातला विक्रम असेल.

निघताना तात्या आमच्याबरोबर व्हॅनपर्यंत आले. चाचा आत बसले तरी तात्यांनी दाराची कड सोडली नाही. खाली बघत म्हणाले, "इस्माईलभाई, सोमवारी बेल्ह्याचा बाजार आसतो."

"आसतो की."

"गाडीला काय झालेलं न्हाई." ते म्हणाले. "तरी आलो तर चालंल का?"

चाचांनी दारावरचा तो हात धरला. 

"चालंल का काय विचारता, संपतराव," ते म्हणाले. "माझा सोमवार जात न्हाई."