प्रीअँपचं बटण

आज चटणी वाटताना मिक्सरची मोटर जळली. त्या जळक्या वासानं मला थेट मुरबाडकडच्या एका हळदीच्या मांडवात नेऊन उभं केलं आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

थोरल्या दादाची हळदी-लग्नात वाजवणारी बेंजो पार्टी होती. गिटार मी वाजवायची. स्पीकरला आवाज पुरवणाऱ्या मोठ्या अँपचं बटण दादा कधी वर नेऊच द्यायचा नाही, मशीन जपायचं म्हणून. आवाज वाढवायचा तो गिटार आणि अँपच्या मधल्या प्रीअँपच्या डबीवरून. त्या दुपारी नवरदेवाचे मामा नाचता नाचता ओरडले, “अजून वाढव रे!” दादानं डबीचं बटण शेवटपर्यंत पिळलं. मी तारांना हलकेच हात लावत होते, तरी गांधीलमाश्यांचं पोळं उठल्यासारखी घरघर सुरू झाली. ओल्या हळदीच्या वासात जळका वास मिसळला आणि स्पीकर गप्प झाला.

“ठेव ती गिटार खाली गो! पोरीच्या हाताला अंदाजच नाय!” दादा अख्ख्या मांडवासमोर ओरडला. सगळे माझ्या हातांकडं बघत राहिले.

पुढच्या हळदीला माझ्या जागी चुलतभाऊ बसला. त्यानं तार छेडायच्या आधीच दादानं डबीचं बटण अर्ध्यावर आणलं आणि अँपचं वर नेलं. आवाज स्वच्छ आला. “हात बघा पोराचा!” लोक म्हणाले. दादाही मान डोलवत होता.

म्हणजे चूक माझ्या हातात नाय, डबी पिळण्यात होती, ते त्याला कळलं होतं. मला सांगायचं विसरला? नाय. सांगितलं असतं तर गिटार मला परत द्यावी लागली असती.