बांधावर अडलेली नाव

प्लेग ओसरून दीड महिना झाला होता. माळावरच्या झोपड्या सोडून आम्ही कोल्हापुरात आपल्या घरी परतलो होतो. भिंतींना नवा चुना लागला होता, ह्यांची शाळाही पुन्हा भरू लागली होती. तरी गल्लीत कुणी उंदराचं नाव काढलं की मी दार लावून घ्यायचे. "तू जरा बाहेर पड," असं हे सारखे म्हणत. शेवटी एका रविवारी नावेची सहल ठरली. बैलगाडीने गावाजवळच्या प्रयागला जायचं, संगमावर अंघोळ करून दशम्या खायच्या आणि मग नावेतून सावकाश शहराच्या घाटापर्यंत खाली यायचं.

नावेत आम्ही तिघंच होतो: हे, मी आणि आमची चार वर्षांची मुलगी. वल्हवायला एक म्हातारा नावाडी. पाणी संथ होतं. हे काठावरची देवळं दाखवत होते. मुलगी आधी पाण्यात बोटं बुडवून हसत होती, मग हळूहळू गप्प झाली आणि माझ्या मांडीवर आडवी झाली. तिला पदराखाली घेतलं आणि माझा हात थबकला. तिचं अंग तापलं होतं.

"उन्हानं असेल," हे म्हणाले.

ऊन कसलं, पौषातली सकाळ ती. मी पोलक्याच्या आत हात घालून तिच्या काखा चाचपल्या. काही नव्हतं. मग जांघ चाचपली. डाव्या बाजूला बोराएवढी गाठ हाताला लागली. मी तिथं बोट ठेवताच ती कळवळली.

त्या वर्षी गाठ म्हणजे काय, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. मी ह्यांच्याकडे पाहिलं, त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. न सांगता त्यांना कळलं होतं.

तेवढ्यात नाव बांधापाशी आली. शेतांना पाणी वळवायला नदीत दगडमातीचा बांध घातलेला होता. मध्ये नाव जाईल एवढी वाट ठेवून ती फळ्यांनी बंद केलेली. फळ्या एकेक करून काढायच्या, वरचं पाणी उतरू द्यायचं आणि मग नाव दोराला धरून खाली सोडायची, असा सगळा खटाटोप. त्यात अर्धा-पाऊण तास जायचा. आणि बांधाच्या टोकाला दरबारचा तपासणी मांडव होता. शहरात शिरणाऱ्या प्रत्येकाला तिथं डॉक्टर पाहत. ज्याला ताप, त्याची रवानगी छावणीत. तिथून परत आलेली माणसं मला फार ठाऊक नव्हती.

"काही बोलू नकोस," हे पुटपुटले. "झोपलीय म्हणू. शाल पांघर तिला."

मी शाल पांघरली. माझ्या स्वतःच्या हातांनी पांघरली, हे मी आजही नाकारत नाही.

पुढच्या फळ्या निघत होत्या. पाणी घोंघावत खाली पडत होतं आणि आमची नाव हात-हात उतरत होती. दोर धरून उभा असलेला नावाडी वळून म्हणाला, "वैनीसाब, पोरगी तापलीया न्हवं?"

ह्यांनी मान हलवली, "नाही नाही, दमलीय."

"मास्तर, माझ्या घरातली दोन मानसं गेल्यात ह्या रोगानं. मला कळतंय की. जांघ चाचपताना बघितलं म्या तुमास्नी. पाय बघितलासा का तिचा?"

मला काही समजेना. त्याने दोर नावेच्या खुंटाला गुंडाळला, खाली बसला आणि तिचा डावा तळपाय उजेडाकडे वळवला. टाचेपाशी काळा ठिपका होता, भोवती लाल सूज. मी रोज तिला न्हाऊ घालत होते आणि मला ते दिसलं नव्हतं.

"बाभळीचा काटा हाय. पायात काटा पिकला की जांघंत गाठ येती, अवधाण म्हंत्यात तिला. तसलंच आसंल." मग जरा थांबून म्हणाला, "पर मी काय डाक्टर न्हाय. दाखवा. लपवू नका. माझ्या सुनंनं लपवलं हुतं."

हे खाली पाण्याकडे पाहत राहिले. मी मुलीला उचललं आणि नाव टेकताच बांधावर उतरले. मांडवापर्यंत पन्नास पावलं असतील. तेवढ्यात मी तीनदा थांबले. मागे फिरावं असं प्रत्येक वेळी वाटलं.

डॉक्टर तरुण होते, डोळे जागरणाने तांबारलेले. मी आधीच सांगून टाकलं, "ताप आहे. जांघेत गाठ आहे. पायात काटाही आहे." त्यांनी बराच वेळ गाठ चाचपली, जीभ पाहिली, डोळे पाहिले. मग सुरी तापवून टाच जराशी चिरली. मुलीने टाहो फोडला. पू आला आणि पाठोपाठ काट्याचं टोक.

"बहुधा एवढंच आहे," ते म्हणाले. "पण मी आज खात्री देणार नाही. छावणीत पाठवत नाही. घरातच वेगळी ठेवा आणि आठ दिवस रोज दवाखान्यात दाखवा."

बहुधा. त्या शब्दावर मी तीन दिवस काढले. तिच्या अंगाला हात लावायची भीती वाटायची आणि न लावता राहवतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला घाम फुटला आणि तिने भात मागितला. गाठ मावळायला आणखी चार दिवस लागले.

आठव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता येऊ नका." परतताना ह्यांनी तिला कडेवर घ्यायला हात पुढे केले. ती म्हणाली, "मी चालणार." आम्ही दोघंही तिच्या मागून, तिच्या पायांकडे बघत, चालत घरी आलो.