जाहिरातींसकट कादंबरी

तोक्योतल्या ओजिमाहून ट्रेनने मी एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात पार्टटाइम कामाला जायचे. नवरा आयटीत, माझी पदवी इंग्रजी साहित्याची. मालकांच्या मागे लागून लागून मी एक कपाट इंग्रजी पुस्तकांसाठी मिळवलं होतं. महिनाअखेरपर्यंत त्यातलं काही खपलं नाही, तर तिथे जपानी कॉमिक्स येणार होती.

कपाटातली माझी लाडकी एक व्हिक्टोरियन कादंबरी होती. दर महिन्याला निघालेले सुटे भाग, जाहिरातींसकट. आणि काय एकेक जाहिराती! एक प्रकाशक म्हणतो, आमचीच आवृत्ती अस्सल; पुढच्याच पानावर दुसरा म्हणतो, नकलांपासून सावध राहा. नुसते एकमेकांच्या उरावर बसलेले. पुढे बांधणी करताना लोक ही पानं काढून फेकत, म्हणून ती आता दुर्मीळ. शेजारच्या दुकानात तीच कादंबरी होती, पण बांधलेली आणि जाहिरातींविना.

आणि आमच्या मालकांनी पाटीवर काय लिहावं? 'डाग आहेत. कोपरे दुमडलेले. मध्ये जाहिराती आहेत.' मी कपाळावर हात मारला. जुन्या पुस्तकाचे दोष आधी लिहायची इथली रीत, कबूल. पण जाहिराती हा दोष?

"अहो, तेच तर तिचं मोल आहे!" मी म्हणाले.

"मग तुम्ही लिहा," ते हसून म्हणाले.

लिहिलं की! 'शेजारी मिळणार नाही अशी संपूर्ण प्रत! एकही पान गेलेलं नाही!' डागबिग गाळले आणि शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून पाटी काचेत लावली.

महिना संपत आला तेव्हा एक आजोबा आले. पाटी पुन्हापुन्हा वाचून त्यांनी विचारलं, "यात दोष काय आहेत?"

"काहीच नाहीत," मी ठासून सांगितलं.

ते वाकले, आभार मानले आणि शेजारी गेले. तिथल्या पाटीवर 'जाहिराती काढलेल्या आहेत' असं स्वच्छ लिहिलेलं. तेच पुस्तक घेऊन बाहेर आले! अर्धंमुर्धं पुस्तक घेतलं हो त्यांनी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आजही होतो.

महिना संपल्यावर मालकांनी कपाट रिकामं करायला घेतलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. शेवटी त्यांनी काचेतली माझी पाटी काढली. कचऱ्यात टाकायला मी हात पुढे केला, तर त्यांनी ती मला दिलीच नाही. कादंबरीच्या शेवटच्या भागात, त्या भांडणाऱ्या प्रकाशकांच्या पानांमध्ये ती नीट ठेवली आणि खोकं बंद केलं.