मासळीबाजारातली तिची जागा

मालवणच्या मासळीबाजारात माझ्या बायकोची एक ठरलेली जागा होती आणि तिच्या शेजारी एक बाई बसायची. त्या बाईचा मी कितीतरी वर्षं हेवा केला. पुरुषाने बाईवर जळावं, तेही स्वतःच्या बायकोवरून, हे ऐकून लोक हसतील. हसोत बापडे. तेव्हा मला हसू येत नव्हतं.

नव्याण्णव साली मुंबईत बायकोच्या डोक्यातली गाठ काढली. मग रेडिएशनचे शेक दिले. गाठ गेली, डॉक्टर म्हणाले. आम्ही गावी आलो, देवाला नारळ ठेवला, आणि काही महिन्यांत ती पुन्हा टोपली घेऊन बाजारात बसली. सुटलो, असं मला वाटलं. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या शेकांनी आपला हिसका दाखवला. आधी तिचा डावा पाय ओढायला लागला. मग सकाळचं दुपारी आठवेना. शेवटी आपणहून काही करणंच तिच्यातून गेलं. चहाचा कप हातात दिला की तो हातातच थंड व्हायचा. 'पी' म्हटलं की एक घोट घ्यायची. पुढच्या घोटाला पुन्हा 'पी'. गाठ परत आलेली नाही, हे शेकांचे उशिरा दिसणारे परिणाम आहेत, असं डॉक्टरांनी समजावलं. यावर औषध नव्हतं.

मी होडी धाकट्या भावाला दिली आणि घरी बसलो. लोकांची फाटलेली जाळी दुरुस्त करायची आणि तिचं सगळं करायचं. न्हाऊ घालायचं, काटे काढून मासे भरवायचे. कानामागे शेकांच्या जागी केस पुन्हा उगवले नव्हते, तिथे वेणी फिरवून टक्कल झाकायलाही मी शिकलो. होडीवर वाव वाव लांबीचे दोर ओढलेल्या हातांनी वेणी घालून बघा म्हणजे कळेल.

आणि दुपारी बाजार उठला की ती शेजारची बाई घरी यायची. रिकामी टोपली दारापुढच्या खळ्यात आदळायची, फतकल मारून बसायची आणि सुरू. कुठल्या मास्तराने सुरमईसाठी कशी घासाघीस केली, कुणाची सून कुणाशी भांडली. माझी बायको, जी सकाळपासून भिंतीसारखी बसलेली असायची, ती मान वर करायची. डोळ्यांत जीव यायचा. "मेल्याक बांगडे घाल गो, सुरमय कित्याक व्हयी?" असं म्हणून खदाखदा हसायची. मी आत भात ढवळत ऐकायचो आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राबायचं मी आणि हसायचं तिच्याशी! शेजारीपाजारी वर म्हणायचे, "सख्खी भयणसुद्धा इतक्या करूची नाय." मी काय करत होतो ते कुणाला दिसत नव्हतं.

एकदा न राहवून मी बायकोला विचारलंच, "तिच्याशी बोलतंस, माझ्याशी बोलूक काय होता तुका?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तुमी खंय होतास?"

राग आला, पण खोटं काय होतं त्यात? वीस वर्षं मी पहाटे समुद्रात आणि दुपारी झोपेत. मी आणलेली मासळी घेऊन ती बाजारात. तिचे दिवस त्या बाईबरोबर गेले होते. माझ्या वाट्याला आली होती ती जेवण वाढणारी, दमलेली. हे कळल्यावर मला शहाणपण यायला हवं होतं. मी आणखीच जळायला लागलो.

आमच्या बाजारात जागेचा एक रिवाज आहे. बाई आजारी असली, बाळंत असली, तर शेजारणीने तिचा पाट तिच्या जागेवर मांडून ठेवायचा. पाट आहे तोवर दुसरी कुणी तिथे बसत नाही. ती बाई तीन वर्षं रोज माझ्या बायकोचा पाट मांडत होती. आणि बायको तिला रोज विचारायची, "माझो जागो धरलंस मा?"

"धरलंय गो. खंय जातलो तो?"

हे रोजचं. मला वाटायचं, ही आता बसणार आहे का कधी? कशाला तिला खुळी आशा लावायची? असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण पोटात होतं.

लेकीच्या बाळंतपणाला ती बाई पंधरा दिवस देवगडला गेली. त्या दिवसांत गावातली एक नवी सून माझ्याकडे आली. "काका, काकी आता बसूक येवची नाय मा? मी बसू काय तेंच्या जाग्यार?"

"बस," मी म्हणालो. लगोलग बाजारात जाऊन पाट उचलून घरी आणला. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगून टाकतो.

ती बाई देवगडहून आली ती बाजारातून थेट आमच्याकडे. मला विहिरीपाशी गाठलं. "भावजी, जागो तुमचो नाय होतो. माका नाय तर नाय, तिका तरी इचारलास?"

ती खळ्यात जाऊन बसली. बायकोने मान वर केली आणि विचारलं, "माझो जागो धरलंस मा?"

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "धरलंय गो."

माझ्यासाठी ती खोटं बोलली. दुसऱ्या दिवशीही बोलली, तिसऱ्याही. बायको ऐकायची आणि समाधानाने हसायची. तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी मी त्या सुनेकडे गेलो आणि जागा परत मागितली. ती रडवेली झाली. "काका, माझी गिऱ्हायकां जमली आता." तिचं बरोबर होतं. घरच्या माणसाने दिलेली जागा मागे घेता येत नाही.

हे मी त्या बाईला मान खाली घालून सांगितलं. तिने जरा विचार केला. "फाल्यां हाडा तिका," म्हणाली, "माझ्या जाग्यात दोघी बसतलंव."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी बायकोला तिच्या पाटासकट बाजारात नेलं. त्या बाईने आपल्या टोपल्या मागे सारल्या होत्या. बायकोला पाटावर बसवलं, पाय नीट ठेवला. ती पडेल म्हणून मी पाठीमागे उभा राहिलो. बराच वेळ ती नुसती बघत होती. मग एक गिऱ्हाईक आलं, त्याने बांगडा उचलून नाकाशी नेला आणि माझ्या बायकोने, कुणी न सांगता, त्याच्या हातातून तो काढून घेतला. "ताजो आसा तो. घेवचो आसात तर घे."

मी पुढे वाकलो, तिला पाणी हवं का विचारायला. तिने मागे वळून मला पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि शेजारणीला म्हणाली, "हे हयसर कित्याक उभे आसत गो, बायलांच्यात? तेंका सांग, घराक जावा म्हणान."

तीन वर्षांत माझ्याबद्दल ती आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. ती बाई माझ्याकडे बघून हसली नाही, एवढे तिचे उपकार.

मी घरी आलो. चूल पेटवली, भात लावला, आणि दुपार व्हायची वाट बघत बसलो.