अर्धी भाकर आणि बोनोबो

मी बोनोबोंवर संशोधन करते असं सांगितलं की आमच्या सुलतानपुरात पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हंजे वांदरंच ना?" वांदरं नव्हेत, बिनशेपटीचे, चिंपांझीचे सख्खे भाऊबंद, आफ्रिकेतल्या जंगलातले, हे मी गावभर समजावत फिरले. आईला मात्र कधी समजावलं नाही, कारण तिने विचारणंच सोडलं होतं. तेही माझ्यामुळे.

एम.एस्सी.ला असताना मी लोणारच्या विवरात वांदरांच्या एका टोळीवर काम करत होते. कोण काय खातं, कोण कोणाला देतं, ते दर दहा मिनिटांनी वहीत टिपायचं. त्यांना काही खायला घालायचं नाही, हा पहिला नियम. एका सकाळी आई वांग्यांची तोडणी टाकून एसटीने आली. "तू दिवसभर काय पाहून राह्यली, मले बी दाखव," म्हणाली. पायऱ्या उतरताना तिचे गुडघे बोलत होते, पण तोंड जत्रेला निघाल्यासारखं फुललेलं.

मी तिला एका दगडावर बसवलं आणि कामाला लागले. नियम सांगायचा राहूनच गेला. दुपारी तिने फडक्यातली भाकर सोडली. पोटाशी पिल्लू धरलेली एक वांदरी समोर येऊन बसली, तशी आईने अर्धी भाकर मोडून तिच्यापुढे ठेवली. बघता बघता सगळी टोळी झाडांवरून खाली. दिवसभराच्या नोंदी वाया.

सोबतच्या दोघी पुण्याच्या. त्यांच्यादेखत मी आईवर ओरडले, आणि ओरडले तेही त्यांच्या बोलीत, "तुला काही कळतं का गं? कशाला आलीस इथे?"

"लेकुरवाळी हाये ते. माह्या वाट्यातली देल्ली," ती म्हणाली. मग माझा चेहरा पाहून, "चुकलं माय माहं." उरलेली अर्धी भाकर तिने पुन्हा फडक्यात बांधली आणि बसची वेळ होईपर्यंत लांब देवळाच्या ओट्यावर बसून राहिली. ती भाकर काही तिने खाल्ली नाही.

नियम बरोबरच होता. आज माझ्या विद्यार्थ्यांनाही मी तोच सांगते. पण तो न सांगण्याची चूक माझी होती आणि बोलणी खाल्ली तिने. याची लाज मला अजून वाटते.

पुढे बोनोबोंच्या चित्रफिती पाहण्यात माझी वर्षं गेली. एका खोलीत फळांचा ढीग आणि एक बोनोबो, शेजारच्या बंद खोलीत दुसरा, अनोळखी. पहिल्याला एकट्याने सगळं खाता येतं. तरी तो उठून मधलं दार उघडतो आणि दोघं मिळून खातात. तो असं का करतो, यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो. लिहिताना दर वेळी मला ती भाकर आठवायची, आणि फोनवर मी आईला फक्त तब्येत विचारायची.

गेल्या दिवाळीत हिय्या केला. आई ओसरीवर मेथी निवडत होती. मोबाइलवर चित्रफीत लावून मी तिच्यापुढे धरली. "आई, हे माहं काम. पाह्य."

तिने मेथी बाजूला सारली, दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि मान पुढे काढून पाहू लागली. दार उघडलं तेव्हा हसली.

"वळखीचा व्हता काय?"

"नाही."

"मंग लई चांगलं केलं त्यानं."

मी मोबाइल तिच्या आणखी जवळ नेला. म्हटलं, "हातात घेऊन पाह्य ना, नीट दिसंल."

"नको माय," ती म्हणाली. हात पदरातच होते. "माह्या हातानं तुहं काम खराब होते."