बैलांचं मीठ, माझी पिशवी

"पिशवीचं राहू द्या. आधी मान वर करा आणि थुंकी गिळा," नगरच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी गिळली. त्यांनी माझ्या मागे उभं राहून दोन्ही हातांनी गळा चाचपला. पुन्हा गिळायला लावलं. मग माझ्या मालकांकडे बघून विचारलं, "ही सूज कधीपासून आहे?"

मालक माझ्या गळ्याकडे असे बघायला लागले, जणू तो आजच दिसला. म्हणाले, "ती तशीच हाय की पहिल्यापासनं."

"पहिल्यापासून नाही," मी म्हणाले. "गळ्यातली पोत आवळायला लागली म्हणून मी दोनदा दोरा वाढवून घेतला. ह्यांना दिसलं न्हाई."

त्या वेळेला मी खरं तर श्रीरामपूरच्या एका खाजगी दवाखान्यात टेबलावर असायला पाहिजे होते. माझी गर्भपिशवी काढायची तारीख होती ती. तारीख चुकवून मी नगरला आले होते, आणि तिथं मला कळलं की दुखणं पिशवीत नाहीच, गळ्यात आहे.

मी मंगल. पाथर्डी तालुक्यातली, बारावी झालेली. दिवाळी झाली की मी, मालक, सासूबाई आणि आमची लेक परी, असे सगळे बैलगाडी घेऊन ऊसतोडीला निघतो आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याजवळ कोपीत राहतो. कोपी म्हणजे पाचटाची झोपडी. हे सगळं लिहितेय ते माझ्यासारख्या बायांसाठी. तुम्हाला कुणी 'पिशवी काढून टाक' असं सांगितलं असेल तर बाई, आधी हे वाच, मग काय ते ठरव.

सुरुवात थकव्यानं झाली. आता ऊस तोडणारी बाई थकते म्हटल्यावर कोण कौतुकानं ऐकणार? सगळ्याच थकतात. पण माझं वेगळं होतं. सकाळी उठतानाच अंग शिसं भरल्यासारखं जड. चुलीपुढं बसूनही थंडी वाजायची. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. आवाज घोगरा झाला. परी म्हणायची, "आई, तू बाबासारखी बोलती."

मग पाळी बिघडली. आली की जायचं नाव घेईना. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची आणि खाली ही तऱ्हा. फडात आडोसा नाही, पाणी नाही. बायांना सांगायला नको, त्यांना माहीत आहे. एकदा मोळीसकट मीच खाली बसले. आमच्या टोळीचा मुकादम धावत आला, पण मला उठवायला नाही.

"पिशवी काढून टाक एकदाची," तो म्हणाला. "टोळीतल्या निम्म्या बायांनी काढलीय. कटकट मिटंल, खाडा बी व्हायचा न्हाई."

खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस. त्याला माझ्या रक्ताचं काही नव्हतं, दिवसाचं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्याही तेच म्हणाल्या. "मी पंचविशीत काढली. काय वाईट झालं माझं?" त्यांची कंबर कायमची धरलेली, पाय सुजलेले, पदर सदा गळ्याभोवती गुंडाळलेला. पण त्यांना ते वाईट झालंय असं वाटत नव्हतं. बाईच्या जन्माला आलं की असंच असतं, एवढंच त्यांना माहीत होतं.

मला राग यायचा. माझी पिशवी म्हणजे काय वावरातला धोंडा आहे, आडवा आला की उचलून बांधावर टाकायला? मला परीच्या पाठीवर अजून एक मूल हवं होतं. आणि नसतं हवं, तरी काय झालं? माझ्या अंगातली वस्तू आहे ती.

शेवटी मुकादमानं सांगितलेल्या श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलंच. तिथल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि सगळा वेळ कागदाकडे बघितलं. माझ्याकडे एकदाही नाही. "पिशवीला सूज आहे. ठेवली तर पुढं कॅन्सर होईल," म्हणाले. कॅन्सर म्हटल्यावर मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या तिथंच नवस बोलायला लागल्या. मी विचारलं, "साहेब, गोळ्यांनी नाही का बरं होणार?" ते म्हणाले, "तुला कळतं की मला?" आणि तारीख देऊन टाकली.

त्या तारखेला आम्ही दोघं श्रीरामपूरच्या स्टँडवर उतरलो. मी उपाशीपोटी, ऑपरेशनसाठी. समोर नगरची गाडी लागलेली. माझ्या थोरल्या बहिणीचं बाळंतपण नगरला झालं होतं, तिथल्या डॉक्टरबाई नीट ऐकून घेतात असं ती नेहमी सांगायची. मी कुणाला न विचारता गाडीत चढले.

"अगं ए! दवाखाना तिकडं हाय!" मालक खालून ओरडले.

"तो तुमच्या मुकादमाचा दवाखाना. माझा नगरला हाय. यायचं तर या, न्हाईतर ऱ्हावा हितंच."

आमचे मालक बाळासाहेब. नावात साहेब आहे, पण साहेबी कधी केली नाही बिचाऱ्यांनी. हातातली कपड्यांची पिशवी सांभाळत पळत आले आणि शेजारी बसले. राहुरीला गाडी थांबली तेव्हा मी वडापाव मागितला आणि दोन घासांत संपवला. उपास मोडला होता. आता कुणाच्या बापाला त्या दिवशी माझं ऑपरेशन करता येणार नव्हतं!

तर डॉक्टरबाईंनी गळा बघितला आणि रक्त तपासायला पाठवलं. बाकावर बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घ्यायला परत आलो, परत बाकावर. मालकांचा फोन सारखा वाजत होता, मुकादमाचा. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि बंद करून ओच्यात ठेवला.

आता रिपोर्टमधले शब्द सांगते. घाबरू नका, मीही घाबरले होते.

थायरॉईड ही गळ्यातली एक ग्रंथी आहे. अंगाचं सगळं काम कुठल्या वेगानं चालायचं ते ती ठरवते. टीएसएच म्हणजे मेंदूनं त्या ग्रंथीला मारलेली हाक. ग्रंथी सुस्त पडली की मेंदू मोठ्यानं ओरडायला लागतो, म्हणून आकडा वाढतो. माझा भलताच वाढलेला होता. ग्रंथी सुस्त पडण्याला हायपोथायरॉईडिझम म्हणतात. ती फुगली की गॉयटर, आपल्याकडचा गलगंड. आणि ग्रंथी सुस्त पडली की पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, हे मला पहिल्यांदाच कळलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातली ताकद, तीही तळाला गेली होती.

मग बाईंनी विचारलं, "घरात मीठ कोणतं खाता?"

"बैलांचं," मालक म्हणाले.

बाईंनी चष्मा काढला.

आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तोडीला निघताना बैलांसाठी जाड्या मिठाचं पोतं गाडीत टाकतात. घरची बरणीही त्याच पोत्यातून भरायची. पुडीतलं मीठ आणायचं तर लांब गावात जावं लागतं, आणि आत्यांना ते आवडतही नाही. "पिठावानी मीठ, चव ना ढव," म्हणायच्या. गावी आलो तरी तेच पोतं पुरायचं. म्हणजे बारा महिने आमच्या घरात बैल आणि माणसं एकाच पोत्यावर.

बाई म्हणाल्या, "पुडीतल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं. थायरॉईडला ते लागतंच. ते मिळालं नाही की ग्रंथी धडपडते, आणि धडपडताना फुगते. तुमचं सगळं ह्यामुळंच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण दुसरं नेहमीचं कारण तपासात निघालेलं नाही. गोळी सुरू करू, मीठ बदला. पाळी जागेवर येईल असं वाटतं. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय असतो, पहिला नाही."

"कॅन्सर?" मालकांनी घाबरत विचारलं.

बाईंनी पिशवीची तपासणीही नीट केली, पुन्हा सोनोग्राफी केली. तसं काहीही नव्हतं.

मला रडू फुटलं. लोकांना वाटलं सुटले म्हणून रडतेय. मी संतापानं रडत होते. एक वडापाव खाल्ला नसता तर पिशवी गेली होती माझी!

गोळी रोज सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग थोडा वेळ चहासुद्धा नाही. रक्तवाढीची लोहाची गोळी दुपारी. दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. हे पाळा, नाहीतर औषध अंगी लागत नाही.

कोपीवर आल्यावर मुकादमानं आकाशपाताळ एक केलं. मी म्हटलं, "तुमची काढा की एखादी वस्तू, मग माझं बोला." बाया पदर तोंडात धरून हसल्या.

खरा त्रास मालकांच्या मायेनं झाला. त्यांनी आयोडीनचं मीठ आणलं आणि कालवणात मुठीनं टाकायला लागले. "लवकर बरी व्हशील गं!" घास तोंडात धरवेना. परी पाणी पिऊन पिऊन दमली. वर मेडिकलमधून जखमेवर लावायचं ते तपकिरी औषध आणलं. "ह्यात बी आयोडीन हाय, दुकानदार म्हनला. गळ्याला चोळू का?" कुणीतरी तोंडात टाकायचे आयोडीनचे थेंबही सुचवले होते. मी हात जोडले त्यांना.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी त्यांची चांगलीच हजेरी घेतली. "आयोडीन लागतं ते अगदी कणभर. कमी पडलं तर ग्रंथी बिघडते, तशी जास्त झालं तरी बिघडते. मीठ वाढवायचं नाहीये, बदलायचंय. खायचं तेवढंच, किंवा थोडं कमीच. मिठाचा डबा झाकून ठेवा, चुलीजवळ नको, आणि मीठ भाजी उतरवताना घाला. थेंब नको, चोळणं नको."

मालक मान खाली घालून "व्हय, व्हय" करत होते. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं.

उन्हाळ्यात गावी आल्यावर गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंकडे मीठ तपासायची एक लहान बाटली निघाली. त्यातला थेंब मिठावर टाकला की आयोडीन असेल तर मीठ जांभळं होतं. मी ती मागून आणली. दोन ताटल्या घेतल्या. शेजारच्या बायाही जमल्या. पुडीतल्या मिठावर थेंब टाकला, लगेच जांभळा डाग उठला. पोत्यातल्या मिठावर टाकला. काही नाही. अजून एक टाकला. पांढरं ते पांढरंच.

आत्या वाकून बघत होत्या. त्यांचा हात हळूच पदराखाली स्वतःच्या गळ्याकडे गेला. तिथं सूज होती. त्या जन्मभर झाकत आल्या होत्या ती हीच, हे मला तेव्हा कळलं.

"मंगल," त्या म्हणाल्या, "मला बी असंच जायचं गं अंगावरनं. मंग माझी उगंच काढली का?"

खोटं बोलून मला त्यांचं समाधान करता आलं असतं.

"ठाव न्हाई, आत्या," मी म्हटलं. "तुमच्याकडं कुणी बघितलंच न्हाई."

त्या उठल्या. बरणीतलं मीठ परत पोत्यात ओतलं आणि पोतं फरफटत गोठ्यात नेऊन टाकलं. कंबर धरलेली बाई, पण कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर नगरला आल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरपुढं पदर बाजूला केला. आता आमच्या दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात.

लगेच बरं वाटतं असं मी सांगणार नाही. पहिले काही आठवडे मला वाटलं, गोळी नुसतीच पोटात जातेय. मग एका सकाळी उठले तर अंग जड नव्हतं. केस गळायचे थांबले. पाळी हळूहळू ताळ्यावर आली. गळा उतरलाय, पण थोडा आहे अजून. ठराविक दिवसांनी रक्त तपासून गोळी कमी-जास्त करतात. मनानं बंद करायची नाही.

लोक विचारतात, मग आता दुसरं कधी? बघू. पिशवी माझी आहे, मी ठरवीन. दिवस राहिले तर लगेच दाखवायला यायचं, तेव्हा गोळी वाढवावी लागते, असं बाईंनी बजावलंय.

मला आभार मानायचेत ते त्या डॉक्टरबाईंच्या दोन हातांचे. त्या हातांनी मला शिवून बघितलं, बस्स. एवढंही कुणी केलं नव्हतं.

यंदाच्या तोडीला टोळीत एक नवी पोरगी आली, सोनाली. तिलाही तेच, रक्त थांबेना. मुकादमानं जीप बोलावली, तारीखही घेऊन ठेवली होती. सोनाली रडत गाडीत बसायला निघाली, तर आत्या जीपच्या पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"म्हातारे, बाजूला हो," मुकादम म्हणाला. "तुला काय कळतंय डॉक्टरकीतलं?"

"काय बी न्हाई कळत," आत्या म्हणाल्या. "माझी काढली तवा मला कुणी इचारलं न्हाई, मी बी कुणाला इचारलं न्हाई. हिची काढायच्या आधी इचारायचं. आधी नगरला दाखवू. जायचं आसंल तर माझ्या अंगावरनं घाल गाडी!"

जीप नगरला गेली. मी आणि आत्या मागं बसलो होतो. सोनालीच्या गळ्यात काही निघालं नाही. दुसरंच कारण निघालं, गोळ्यांनी बरं होणारं. येताना राहुरीला आत्यांनी स्वतः उतरून तिघींसाठी वडापाव आणले आणि पहिला सोनालीच्या हातात दिला.

"खा पोरी," त्या म्हणाल्या. "तुझी तुझ्यापाशी ऱ्हायली."